फर्मा चुकला तर माल चुकतो
संगणकाच्या भाषा कशा घडल्या आणि कात्रपच्या कारखानदाराला त्याचे काय?

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये नवी इमारत उभी राहिली की तिच्यामागोमाग सुताराला, ग्रिलवाल्याला, खिडक्या बसवणाऱ्याला आणि पडदे शिवणाऱ्याला काम मिळते. उल्हासनगरचा फर्निचर बाजार व जीन्सचा धंदा, अंबरनाथची औद्योगिक वसाहत आणि बदलापूरची वाढती वस्ती या पट्ट्यात आपल्या कित्येक बांधवांची रोजी हातातल्या हुनरावर चालते. रंधा, पटाशी, कात्री, शिलाई मशीन ही हत्यारे आपण पारखून घेतो. पण गेल्या काही वर्षांत एक नवे हत्यार प्रत्येक दुकानात शिरले आहे आणि ते मात्र आपण न पारखता वापरतो. ते हत्यार म्हणजे संगणकावरचा किंवा मोबाईलवरचा हिशेबाचा प्रोग्रॅम.

समजा, कात्रपमधल्या एका कारखान्यात स्वयंपाकघराचे काम आले आहे. घराचा नकाशा मिलिमीटरमध्ये आहे. जागेवर माप घेणाऱ्याने सेंटिमीटरमध्ये लिहिले. प्लायवूडची शीट आठ फूट बाय चार फूट, पण तिची जाडी १८ मिलिमीटर. कापणारा कारागीर इंचात विचार करतो. हिशेबाच्या तक्त्यात कपाटाच्या दाराची रुंदी लिहिली आहे ४५. माप घेणाऱ्याच्या मनात ४५ सेंटिमीटर होते, म्हणजे पावणेअठरा इंचांच्या आसपास. कापणाऱ्याने ४५ इंच वाचले. चार फुटी शीटमध्ये ४५ इंचही बसतात, म्हणून कोणाला शंका आली नाही. तक्त्याने दर काढला, प्लाय मागवले गेले, करवत चालली. चूक उघडकीस आली ती गिऱ्हाइकाच्या घरी.

यात दोष कोणाचा? घाईचा म्हणा, निष्काळजीपणाचा म्हणा. पण तक्त्याचाही दोष आहे. त्याला ४५ हा आकडा ठाऊक होता, तो कशाचा हे ठाऊक नव्हते. आपल्या हातात गुण्या असला की काटकोन डोळ्यांनी ठरवावा लागत नाही. लाकूड वाकडे असेल तर गुण्याच सांगतो. हिशेबाच्या प्रोग्रॅमलाही असा गुण्या जोडता येतो का? संगणकाच्या भाषा घडवणाऱ्या संशोधकांनी जवळपास सत्तर वर्षे ज्या प्रश्नांवर डोके चालवले, त्यांतला हा एक मोठा प्रश्न आहे. त्यांच्या कामातून जे निघाले ते आपल्या दुकानाच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

चूक कुठे पकडली, यावर तिची किंमत

कोणत्याही कारागिराला एक हिशेब सांगावा लागत नाही. कागदावर चूक दिसली तर खोडरबराचा खर्च. फर्म्यावर दिसली तर एका पुठ्ठ्याचा. माल कापल्यावर दिसली तर मालाचा. गिऱ्हाइकाच्या दारात दिसली तर मालाचा, मजुरीचा आणि नावाचाही. जीन्सच्या कामात तर कापडाचे थरावर थर रचून एकदम कटिंग होते. पॅटर्न अर्धा इंच चुकला तर एक पँट बिघडत नाही, सगळा थर बिघडतो.

प्रोग्रॅम हा असाच पॅटर्न आहे. तो एकदा लिहिला जातो आणि हजार बिलांवर चालतो. त्यातली चूक हजारदा छापली जाते, तीही स्वच्छ अक्षरांत, म्हणून ती खरीच वाटते. संगणकाची भाषा घडवणाऱ्यापुढे खरा प्रश्न असतो तो हा की लिहिणाऱ्याची चूक कागदावरच कशी पकडावी, कापड कापण्याआधी.

आकड्यांपासून शब्दांपर्यंत

ठरलेल्या पायऱ्यांनी हिशेब सोडवण्याच्या रीतीला इंग्रजीत ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. ‘अल्-जब्र’वरील त्यांच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांना दिलेला आहे आणि व्यापाराचे व जमीन मोजणीचे हिशेबही त्यात आहेत. म्हणजे पायरीपायरीने हिशेब मांडण्याची ही विद्या दुकान, शेत आणि घरातल्या वाटण्या यांच्या गरजेतूनही वाढलेली आहे.

संगणक आल्यावर या पायऱ्या यंत्राला सांगायच्या कशा, हा प्रश्न उभा राहिला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक तयार झाला व १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. अशा पहिल्या पिढीच्या यंत्रांवर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे यंत्राचे सांकेतिक आकडे हाताने मांडायचे. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी यंत्र निमूटपणे चुकीचे काम करी.

अमेरिकेत ग्रेस हॉपर या नौदलातील गणितज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात यावर तोड काढली. माणसाला कळेल असे लिहावे आणि त्याचा यंत्राच्या आकड्यांत तर्जुमा करणारा प्रोग्रॅम वेगळा असावा. या दुभाष्याला ‘कंपायलर’ म्हणतात. त्यांच्या कामाच्या पायावर १९५९-६० मध्ये ‘कोबोल’ ही खास व्यापारासाठीची भाषा तयार झाली. तिच्यात गुणा, बेरीज करा, लिहा असे साधे इंग्रजी शब्द वापरले जातात.

दुभाष्या आल्याने सोय झालीच, पण त्याहून मोठी गोष्ट घडली. तर्जुमा करताना दुभाष्या लिहिलेले तपासूही शकतो. ‘हे वाक्य जुळत नाही, आधी नीट करा’ असे तो सांगू शकतो. पुढची सारी प्रगती ही या तपासनिसाला अधिक शहाणे करण्याची आहे. ती आपल्या धंद्याच्या चार दुखण्यांवरून समजून घेऊ.

पहिले दुखणे: माप

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नष्ट झाले. पृथ्वीवरचा एक प्रोग्रॅम पौंडाच्या मापात आकडे देत होता आणि ते घेणारा दुसरा प्रोग्रॅम ते मेट्रिक मापात आहेत असे धरून चालला होता. चूक साडेचार पटींच्या जवळपास होती. कात्रपच्या कपाटाचे दार आणि मंगळाचे यान, दोन्हींचा घात एकाच कारणाने झाला. आकडा होता, एकक नव्हते.

यावरचा इलाज त्याआधीच सापडू लागला होता. केंब्रिज विद्यापीठात अँड्र्यू केनेडी यांनी १९९० च्या दशकात अशी रीत मांडली की आकड्याबरोबर त्याचे एककही भाषेनेच सांभाळावे. ही रीत पुढे मायक्रोसॉफ्टच्या ‘एफ-शार्प’ या भाषेत आली. तिच्यात इंच आणि सेंटिमीटर यांची बेरीज करायला गेलात तर दुभाष्या प्रोग्रॅम पुढे जाऊच देत नाही. ‘आधी रूपांतर करा’ असे सांगतो. प्लाय अजून दुकानातच असते.

साध्या तक्त्यात हे जमवायचे तर प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर ‘रुंदी, मिमी’ असे लिहावे आणि कारखान्यात एकच माप पाळावे. रूपांतर करायचे ते एकाच जागी, आत येताना.

दुसरे दुखणे: पैसा

०.१ आणि ०.२ यांची बेरीज किती? शाळकरी पोर सांगेल ०.३. पण आज प्रचलित असलेल्या बऱ्याच भाषांत ही बेरीज केली तर उत्तर नेमके ०.३ येत नाही, त्याहून किंचित जास्त येते. यंत्र बिघडलेले नसते. एक तृतीयांश रुपया पैशांत लिहायला बसा, तेहतीस पैसे आणि पुढचे तीन काही संपत नाहीत. संगणक आतून शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो आणि त्या मोजणीत एक दशांशही असाच न संपणारा ठरतो. म्हणून तो कुठेतरी तोडावा लागतो.

एवढ्याने काय बिघडते? २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील दहरान येथे क्षेपणास्त्र अडवणारी अमेरिकी यंत्रणा निकामी ठरली आणि २८ सैनिक ठार झाले. तिचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होते. शंभर तास सलग चालल्यावर तोडलेल्या कणांची बेरीज सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी झाली होती.

व्यापारातलेही उदाहरण आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने १९८२ मध्ये १,००० वर नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तीन दशांश स्थळांपुढचे आकडे नुसते कापून टाकले जात, जवळच्या आकड्याला नेले जात नसत. १९८३ च्या नोव्हेंबरात निर्देशांक सुमारे ५२४ दाखवत होता. हिशेब दुरुस्त केला तेव्हा तो १,०९८ च्या घरात निघाला. बाजार पडलेला नव्हता, हिशेबच झिजत चालला होता.

कोबोल व्यापाऱ्यांसाठी घडवली गेली असल्याने तिच्यात रुपये-पैसे दशांशातच राखण्याची सोय पहिल्यापासून आहे. नव्या भाषांतही ती मिळते, पण मागून घ्यावी लागते. दुसरा सोपा मार्ग असा की प्रोग्रॅमने सारी रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यांत ठेवावी आणि छापताना तिचे रुपये करावेत. रोजमेळ आणि खतावणी यांच्यात दोन पैशांचा फरक पडत असेल तर तो ‘संगणकाचा आहे’ म्हणून सोडू नका. त्याला कारण आहे आणि ते दुरुस्त होते.

तिसरे दुखणे: कोरी जागा

उधारीच्या वहीत एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे जागा कोरी आहे. तिचा अर्थ काय? त्याचे काही देणे नाही? की देणे आहे पण लिहायचे राहिले? की हे गिऱ्हाईक आपले नाहीच? जुना मुनीम कोरी जागा ठेवत नसे. तो शून्य लिही किंवा आडवी रेघ मारी, कारण तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला ठाऊक होते.

इंग्लंडचे संशोधक टोनी होअर यांनी १९६५ मध्ये ‘अल्गॉल डब्ल्यू’ या भाषेत अशा कोऱ्या जागेची सोय ठेवली, कारण ती करणे अगदी सोपे होते. पुढच्या बहुतेक भाषांनी ती उचलली. त्या कोऱ्या जागेवर पाय पडून किती प्रोग्रॅम कोसळले याला गणती नाही. २००९ मध्ये होअर यांनी जाहीर सभेत ही आपली एक अब्ज डॉलरची चूक असल्याचे स्वतः सांगितले. एवढ्या मोठ्या विद्वानाने आपली चूक चारचौघांत कबूल करावी, यातही शिकण्यासारखे आहे.

आज मोबाईलवरची पुष्कळ ॲप ‘कॉटलिन’ आणि ‘स्विफ्ट’ या भाषांत लिहिली जातात. त्यांत एखादी जागा कोरी राहू शकते असे लिहिणाऱ्याला आधीच जाहीर करावे लागते आणि कोरी असेल तर काय करायचे हेही सांगावे लागते. नाही सांगितले तर दुभाष्या अडवतो. मुनिमाची आडवी रेघ आता भाषेच्या कायद्यात आली आहे.

चौथे दुखणे: बदलणारा दर

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांत पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. दरही बदलला आणि मर्यादाही बदलली. ज्या दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये हे आकडे एकाच जागी होते तिथे काम काही मिनिटांत आटोपले. ज्याच्यात बिलात वेगळे, कोटेशनमध्ये वेगळे, परत आलेल्या मालाच्या हिशेबात वेगळे, असे दहा ठिकाणी ‘१२’ लिहून ठेवलेले होते, तिथे नऊ ठिकाणी बदलले जाते आणि दहावे राहून जाते.

या दुखण्यावर डेव्हिड पार्नास या संशोधकाने १९७२ मध्येच उपाय लिहून ठेवला होता. प्रोग्रॅमचे तुकडे कामाच्या क्रमाने पाडू नका. उद्या काय बदलू शकेल ते आधी ओळखा आणि अशी प्रत्येक गोष्ट एकेका तुकड्यात बंद करा. मग बदल आला तर एकच पेटी उघडावी लागते. आपण नाही का कपाटाच्या बिजागऱ्या स्क्रूने लावत? फळीला डिंकाने चिकटवल्या तर बदलताना फळीही जाते.

यात व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट मागावी. दराबरोबर तारीख हवी. नवा दर टाकला म्हणून ऑगस्ट २०२५ मधले बिल पुन्हा छापताना त्यावर नवा कर येता कामा नये.

महाराष्ट्राचा हातभार

ही सारी विद्या परदेशातच घडली असे समजू नका. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे निक्लाऊस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास ‘पास्कल’ ही भाषा घडवली. तिचा मुख्य उद्देशच लिहिणाऱ्याला शिस्त लागावी हा होता. पण त्या काळी प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळ्या जातीचा. एकासाठी बनवलेला दुभाष्या दुसऱ्यावर चालत नसे. तेव्हा विर्थ यांच्या चमूत केसव नोरी हे भारतीय संशोधक होते. नोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पास्कल-पी’ हा दुभाष्या तयार केला. त्याची कल्पना अशी की पास्कलचा तर्जुमा थेट खऱ्या यंत्रात न करता एका छोट्या काल्पनिक यंत्राच्या भाषेत करायचा. मग कोणत्याही संगणकावर ते छोटे यंत्र तेवढे उभे करून घेतले की झाले. एकच फर्मा, कारखाना कोणताही असो. यामुळे पास्कल जगभर पसरली. १९९५ मध्ये आलेल्या ‘जावा’ भाषेची मांडणीही याच कल्पनेवर आहे.

हेच नोरी पुढे पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटरमध्ये होते. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत १९८१ साली सुरू झालेल्या या केंद्रात, धंद्याचे नियम एकदा नीट मांडले की त्यावरून प्रोग्रॅम यंत्रानेच तयार करावा, या दिशेने वर्षानुवर्षे काम झाले. प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून त्यातली चूक शोधणारी साधनेही तिथे तयार झाली. त्यांतल्या ‘व्हेरिॲब्स’ या साधनाने २०२० च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला.

पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर व त्यांचे सहकारी याच विषयात काम करत आले. प्रोग्रॅममधून एखादा आकडा कुठून निघतो, कुठे बदलतो आणि कुठे पोचतो याचा माग काढण्याच्या शास्त्रावर खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘जीसीसी’ या जगभर फुकट मिळणाऱ्या दुभाष्याचे आतले काम शिकवण्याचे केंद्रही खेडकर यांनी तिथे चालवले. कात्रपहून रेल्वेने जाऊन-येऊन एका दिवसात पाहून यावे एवढ्या अंतरावर ही कामे झाली आहेत.

तक्ताही प्रोग्रॅमच आहे

काही बांधव म्हणतील, आमच्याकडे प्रोग्रॅम वगैरे काही नाही, नुसते एक्सेल आहे. हा गैरसमज आहे. ज्या रकान्यात तुम्ही ‘लांबी गुणिले रुंदी गुणिले दर’ असे सूत्र घातले, तिथे तुम्ही प्रोग्रॅमच लिहिला. फक्त इथला दुभाष्या फार मवाळ आहे, तो क्वचितच अडवतो. बेरजेच्या सूत्राखाली नवी ओळ घातली आणि ती बेरजेत आलीच नाही, हा अनुभव कोणाला नाही?

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद आकडेवारीतून गळाल्याचे उघड झाले. कारण तक्त्याची जुनी जात वापरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गुपचूप बाहेर राहिल्या. सरकारी आरोग्य खात्याचे हे झाले, तर आपल्या दुकानाचे का होणार नाही?

उस्ताद निघून गेला तर?

डेन्मार्कचे पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये एक वेगळाच विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की लिहिलेल्या ओळी म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम नव्हे. हा नियम असाच का ठेवला, ही जागा अशीच का सोडली, ही जाण लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. तो माणूस गेला की ओळी राहतात, पण प्रोग्रॅम मरतो. नवा माणूस येऊन त्याला ठिगळे लावत बसतो.

हे आपल्याला नवे नाही. उस्तादाचा पॅटर्न हातात आला म्हणून उस्तादी हातात येत नाही. पण आपण करतो काय? ओळखीच्या मुलाकडून स्वस्तात प्रोग्रॅम करून घेतो, त्याला धंदा नीट समजावून सांगायला अर्धा दिवसही देत नाही आणि तो मुलगा नोकरीला पुण्याला किंवा आखातात गेला की डोक्याला हात लावतो. दोष त्या मुलाचा नाही. प्रोग्रॅमबरोबर त्याची जाण लिहून घेणे आणि दुकानातल्या आणखी एका माणसाला ती शिकवणे हा सौद्याचाच भाग असला पाहिजे.

पैसे देण्यापूर्वी हे विचारा

प्रोग्रॅम विकत घ्या, करून घ्या किंवा घरच्या मुलाने तक्ता बनवलेला असो, पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. रक्कम कशी साठवली जाते? पूर्ण पैशांत, की ज्यात कण तुटतात अशा आकड्यांत?

२. प्रत्येक मापाला एकक जोडलेले आहे का? चुकीचे एकक टाकले तर प्रोग्रॅम अडवतो का?

३. कोऱ्या रकान्याचा अर्थ काय धरला आहे? शून्य, की माहीत नाही?

४. कराचा दर किती ठिकाणी लिहिला आहे? दराला तारीख आहे का?

५. गिऱ्हाइकांची यादी, उधारी आणि बिले दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येतील अशा रूपात बाहेर काढून मिळतात का? प्रोग्रॅमची मूळ प्रत कोणाच्या ताब्यात राहील?

६. लिहिणारा उद्या भेटला नाही तर दुसरा कोण दुरुस्त करील? त्याच्यासाठी काय लिहून ठेवले आहे?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षा. जुन्या चोपडीतली दहा बिले काढा. सरळ नव्हे, अवघड निवडा. सूट दिलेले, अर्धा माल परत आलेले, दोन हप्त्यांत फेडलेले, दोन वेगळ्या दरांचा माल असलेले. ती दहाही नव्या प्रोग्रॅममध्ये टाकून पाहा. पैशापैशाने जुळली तर पुढे जा. ही दहा बिले फेकू नका. प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की दर वेळी तीच दहा पुन्हा चालवा. मोठ्या कंपन्यांत रोज हजारो अशा चाचण्या आपोआप चालवल्या जातात. आपल्याला दहांपासून सुरुवात करायला पैसा लागत नाही.

आपल्या मुलांसाठी

धंद्याच्या गरजेतून भाषेकडे जाण्याचे एक उदाहरण आपल्या देशातच आहे. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवत. हिशेबासाठी मनाजोगता प्रोग्रॅम मिळेना, म्हणून गणित शिकलेला त्यांचा मुलगा भरत यानेच तो लिहिला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या कामातून आजचे ‘टॅली’ उभे राहिले. बापाला व्यापार कळत होता आणि मुलाला गणित. दोन्ही एका घरात होते म्हणून प्रोग्रॅम व्यापाऱ्याच्या हाताला बसला.

सुताराच्या, कटिंग मास्टरच्या घरात वाढलेल्या मुलाकडे हेच भांडवल असते. माल कुठे वाया जातो, गिऱ्हाईक कुठे अडते, मजुरीचा हिशेब कुठे बिनसतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. महागडा कोर्स करून नुसते प्रमाणपत्र आणणाऱ्याला ते पुस्तकात मिळत नाही. इंग्रजीची भीतीही फार बाळगू नये. ‘सी’ या भाषेच्या मूळ प्रमाणित रूपात ठरीव शब्द अवघे ३२ आहेत. ‘पायथॉन’ ही भाषा फुकट मिळते, जुन्या संगणकावरही चालते आणि २००८ पासून तिच्या नव्या रूपात ‘नफा’, ‘उधारी’, ‘मजुरी’ अशी नावे देवनागरीतही देता येतात. व्याकरण शिकायला काही महिने पुरतात. काय लिहायचे हे कळायला मात्र कारखान्यातच बसावे लागते.

म्हणून आपल्या घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना एक काम द्या. वर सांगितलेली दहा बिले त्यांच्यापुढे ठेवा आणि दुकानातल्या प्रोग्रॅमची परीक्षा त्यांच्याकडून करून घ्या. फरक निघाला तर पैसे वाचतील, न निघाला तर हत्याराची खात्री पटेल. आणि दोन्ही वेळा मुलाला धंदा कळेल. रंधा हातात देण्यापूर्वी उस्ताद आधी त्याचे पाते तपासायला शिकवतो, ते याचसाठी.